पैसे पाण्यात गेले म्हणे!

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेचा बेसबॉल गोलंदाज (पिचर) स्टीव्हन स्ट्रासबर्ग याच्यावरचा लेख वाचला. मथळा ‘पैसे पाण्यात’. साडेचोवीस कोटी डॉलरचा करार आणि त्यानंतर फक्त ८ सामने, हा हिशेब बरोबरच आहे. पण हा करार २०१९ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलची अंतिम मालिका, त्याच्या वॉशिंग्टन संघाला जिंकून देऊन, स्वतः मालिकावीर ठरल्यावर झाला, हे लेखकमहाशयांनी अर्ध्या ओळीत उरकलं. दुखापतीवर शस्त्रक्रिया करून बरगडी काढूनही ज्याचा हात बधिर पडत होता, त्याने काय पैसे परत करायला हवे होते?

कॉलेजची वर्षं तर लेखातून गायबच. शाळेनंतर एकाही व्यावसायिक संघाने त्याला विचारलं नव्हतं. सॅन डिएगो स्टेट विद्यापीठात आला तेव्हा अंगाने इतका सुटलेला, की त्याला ‘स्लॉथबर्ग’ म्हणत (स्लॉथ म्हणजे तो आळशी प्राणी). तिथले प्रशिक्षक टोनी ग्विन यांच्या हाताखाली तीन वर्षं काढली आणि हाच मुलगा २००९च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिला!

मी हे ऐकीव सांगत नाही. ८ मे २००९ला मी त्या विद्यापीठाच्या मैदानात बसलो होतो. लेकीकडे गेलो होतो, जावयांनी हौसेने सामन्याला नेलं. समोर अमेरिकेच्या एअर फोर्स अकादमीचा संघ. खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण कॅचरच्या (म्हणजे बेसबॉलच्या यष्टिरक्षकाच्या) ग्लोव्हमध्ये चेंडू बसल्याचा तो फाट्‌कन आवाज कळत होता. एकेक गडी मान खाली घालून परतत होता. सहावा डाव संपला आणि जावई म्हणाले, “बाबा, निघू या, नंतर पार्किंगमध्ये अडकू.” देश परका, गाडी त्यांची. निघालो. घरी येऊन पाहतो तर नो-हिटर! नऊ डावांत समोरच्यांना एकही हिट (फटका मारून बेस गाठणं) नाही, १७ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), आणि कॉलेजच्या घरच्या मैदानावरचा त्याचा तो शेवटचा सामना. पार्किंगमध्ये, खरं सांगतो, चिटपाखरू नव्हतं. इतकी वर्षं झाली, जावयांना मी एका शब्दाने बोललेलो नाही. म्हणून इथे लिहितोय.

आणि ते छायाचित्र! स्ट्रासबर्ग उजव्या हाताने चेंडू टाकायचा. आपण फोटो उलटा छापून त्याला डावखुरा केलात. शर्टावरची अक्षरं आरशात धरून वाचावी लागली, तरी छापखान्यात कुणाच्या लक्षात आलं नाही? अंकाची किंमत वाढवताना मात्र आकडा अगदी सुलटा छापला होता.

आपला,
एक जुना वर्गणीदार, डोंबिवली (पूर्व)