ज्यूरीच्या आधी गिडियन शिकवा

महोदय,

अमेरिकी फौजदारी न्यायव्यवस्था शिकवताना सुरुवात बहुधा ज्यूरीपासून होते. चित्रपटांनी तेवढी तयारी करून दिलेलीच असते. माझ्या मते सुरुवात क्लॅरेन्स गिडियनपासून करावी. फ्लोरिडात वकिलाविना शिक्षा झालेल्या या गरीब माणसाने तुरुंगातून पेन्सिलीने सर्वोच्च न्यायालयाला अर्ज लिहिला. १९६३ मध्ये न्यायालयाने एकमताने ठरवले, की गंभीर गुन्ह्यातील आरोपीला वकील परवडत नसेल तर सरकारने द्यावा. फेरखटल्यात वकील मिळाला आणि गिडियन निर्दोष सुटला.

पण इथेच थांबलो तर विद्यार्थ्यांची फसवणूकच. २०१२ मध्ये त्याच न्यायालयाने नोंदवले, की संघीय न्यायालयांतील ९७ आणि राज्यांतील ९४ टक्के दोषसिद्धी गुन्ह्याच्या कबुलीतूनच होतात. म्हणजे बहुतेकदा ज्यूरी बसतच नाही. दोन्ही बाजूंचे वकील कबुलीच्या बदल्यात सौम्य शिक्षेचा सौदा ठरवतात, न्यायाधीश मान्यता देतात. खटला हरलो तर शिक्षा कैक पटींनी वाढेल, या धास्तीने निरपराध माणूसही कबुली देऊन बसतो. आपल्याकडेही २००६ पासून ठरावीक गुन्ह्यांत अशा तडजोडीची सोय आहे. विधी महाविद्यालयांत तुलना करायचीच, तर ती इथून करावी.

— विधी विषयाचा एक शिक्षक, नाशिक