यंदा गौरी-गणपतीला आम्ही येत नाही

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर विषय काढला की आई रडते आणि बाबा "बरं, ठेवतो" म्हणतात, म्हणून लिहायला बसलो. पूर्ण वाचा, मगच फोन करा.

यंदा गौरी-गणपतीला आम्ही साताऱ्याला येत नाही. मूल व्हावं म्हणून टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार घेतोय, त्याची तारीख ठरली आहे, पैसेही भरलेत. रश्मीची इंजेक्शनं पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतात. दहा-बारा दिवस रोज ठरल्या वेळी टोचायची, एक-दोन दिवसाआड सोनोग्राफी, मग स्त्रीबीजं बाहेर काढायची. सगळं नेमकं भाद्रपदात येतंय. महिनाभर पुढे ढकलता आलं असतं, नाही असं नाही. पण रश्मीला सदतिसावं लागलंय. शिवाय ऑक्टोबरात मला रजा नाही, शिवाय इंजेक्शनं थंड ठेवावी लागतात, एसटीत ती कुठं सांभाळत बसू? आई, गौरींना साडी नेसवायला रश्मी नसेल हे तुला लागणार. तिलाही लागलंय. चुन्या करायला तुझ्याकडूनच शिकली ना ती.

आता अवघड भाग. आई, शतावरी कल्पाचे डबे पाठवू नकोस, आणि रश्मीला शुक्रवार धरायला सांगू नकोस. तिचे रिपोर्ट चांगले आहेत. कमी आहे ते माझ्यात. पुरुषाच्या वीर्यात एका मिलीलीटरला निदान 1 कोटी 60 लाख शुक्राणू असावेत असं जागतिक आरोग्य संघटना धरते. माझे 40 लाख. हे लिहिताना कान तापलेत, पण तीन वर्षं ती तुमच्यासमोर गप्प बसली, आता माझ्याच्यानं बघवत नाही.

बाबा, हे वाचून तुमच्या मनात काय येईल ते मला ठाऊक आहे. दिवाळीत अंगणात तुम्ही काकांना म्हणालात, "माझ्यापायी पोराला कोरोना झाला, त्याचंच हे." मी ओट्यावर होतो. ऐकलं.

एप्रिल 2021 मध्ये मी तुमच्याजवळ थांबलो, मला झाला, हे खरं. पाच दिवस 102 ताप होता, हेही खरं. कोरोनाचा शुक्राणूंवर परिणाम होतो, तेही खोटं नाही. बेल्जियममध्ये कोरोनातून उठलेल्या 120 पुरुषांना तपासलं होतं. पहिल्या महिन्यात तपासलेल्यांपैकी 37 टक्क्यांचा काउंट कमी होता, दोन महिने उलटून गेलेल्यांमध्ये 6 टक्क्यांचा. पाटण्याच्या एम्सनं 30 जण तपासले, त्यांचंही अडीच महिन्यांनी सुधारलं होतं, पूर्ववत मात्र झालं नव्हतं. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. तापात बिघडलेला घाणा निघून जातो, नवा पडतो. पाच वर्षांत असे किती घाणे झाले, तुम्हीच हिशेब करा, बँकेत होतात. डॉक्टर मला म्हणाले, "2021 चा ताप या रिपोर्टात शोधू नका." माझं दुखणं व्हेरिकोसीलचं, म्हणजे तिथल्या शिरा फुगतात आणि उष्णता वाढते. बहुतेकांना ते वयात येतानाच सुरू होतं, कळत नाही इतकंच. ऑपरेशन करून वाट बघता आली असती, पण तेवढा वेळ आता रश्मीकडे नाही.

आणि लसीचं. आई, लसीमुळे मूल होत नाही असं ग्रुपवर येतं ते वाचू नकोस. अमेरिका-कॅनडात मूल हवं असलेल्या दोन हजारांवर जोडप्यांचा अभ्यास 2022 मध्ये छापून आला. लस घेतल्यानं, बाईनं किंवा पुरुषानं, दिवस राहण्यात फरक पडला नाही. पुरुषाला कोरोना होऊन गेला असेल तर साठेक दिवस शक्यता थोडी घटलेली दिसली. बस. कोरोनानं खरा घात केला तो गरोदर बायकांचा. मुंबईच्या नायरमध्ये पहिल्या लाटेत बाधित गरोदर-बाळंतिणींपैकी 0.7 टक्के गेल्या, दुसऱ्या लाटेत 5.7. गरोदर बायकांना लस द्यायला परवानगी 2 जुलै 2021 ला मिळाली. मावशीची स्वाती त्याआधीच, मे महिन्यात गेली. मावशीसमोर लसीवरून वाद घालू नकोस, एवढंच.

गालगुंडाचंही डोक्यातून काढ. वयात आल्यावर झाले तर अंडकोष सुजतात, मी दुसरीत होतो. आठवतं ते इतकंच, की गळ्याला फडकं गुंडाळलेलं आणि बाबांनी खांद्यावर घेऊन टेकडीवरच्या चार भिंती स्मारकापर्यंत नेलेलं. उतरताना मी झोपलो होतो, तरी बाबांच्या शर्टाला येणारा तपकिरीचा वास अजून येतो.

बाबा, त्या एप्रिलात तुम्ही दवाखान्यातून मास्क बाजूला करून फोन केलात, दोन शब्दांत धाप लागत होती, आणि विचारलंत काय, तर "दुधाचं बिल दिलंस?" बाबा, त्या बाकड्यावर मी अकरा दिवस होतो. पुन्हा बसायची वेळ आली तर पुन्हा बसेन. हे काकांनाही सांगा.

आता करायचं ते. शुक्राणू एकेक निवडून थेट स्त्रीबीजात सोडणार आहेत, त्याला इक्सी म्हणतात. माझ्या काउंटला तेच बरं. भीतीचं काही नाही, केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांनी टेस्ट ट्यूब बेबी 1986 मध्येच जन्माला घातली. पहिल्या खेपेला जमेलच असं नाही. म्हणून नवस बोलू नका, कोणाला सांगू नका, रोज "काय झालं" विचारू नका. मीच सांगेन.

मखर काढायला बाबांनी माळ्यावर चढायचं नाही. बाळूला बोलवा, त्याला पाचशे दिलेत. उकडीचे मोदक बाहेरून आणा, आई, तुझा गुडघा तासभर उभं राहू देत नाही. बीपीची गोळी आरतीच्या गडबडीत चुकते, ती चहाच्या कपाशी ठेवायची. आणि ते ऑक्सिमीटर. रोज उठल्या उठल्या बोट कशाला घालता? त्यातले सेल काढून ठेवा आणि भिंतीवरच्या घड्याळात नवा घाला, ते जूनपासून बंद आहे.

आरतीला व्हिडिओ कॉल लावा. फोन समईपासून लांब धरा.

तुमचा,
बंड्या

ता. क. कल्पाचा शेवटचा डबा मीच संपवतोय, दुधातून.