रंगाआधी गिलावा पाहा

माननीय संपादक,

जुन्या बंदराकाठच्या, धक्क्याकाठच्या वस्त्या जपण्यासाठी जे नियम केले जातात, ते बहुतेक दर्शनी भागापुरते असतात. रंग कोणता, कठडा कसा, खिडकीला तावदाने किती. भिंतीत काय भरायचे आणि तिच्यावर काय थापायचे याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. घरे मात्र नासतात ती तिथूनच.

चुन्यात बांधलेली विटांची जुनी भिंत जमिनीतून ओल ओढतेच. ती ओल चुन्याच्या दरजांतून, म्हणजे विटांमधल्या सांध्यांतून, आणि गिलाव्यातून उडून जाते, म्हणून भिंत टिकते. खाऱ्या पाण्याकाठी ओलीबरोबर मीठही वर चढते. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून विरघळते; खाली आली की त्याचे पुन्हा स्फटिक होतात. हे चक्र कधी दिवसागणिक फिरते आणि दर खेपेला स्फटिक विटेच्या छिद्रांवर आतून दाब टाकतात. चुन्याचा गिलावा असेल तर ही झीज गिलाव्यात होते. त्याचे पोपडे धरतात, काही वर्षांनी खरवडून नवा लावायचा. तो झिजण्यासाठीच असतो. सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिक रंग लावला की वाफेची वाट अडते, कमरेपर्यंतची ओल डोक्यापर्यंत चढते आणि मीठ गिलाव्यामागे विटेतच साठते. काही काळ भिंत गुळगुळीत दिसते. मग सिमेंटचा पापुद्रा विटेचा वरचा थर सोबत घेऊनच खाली येतो. मग ‘जुन्या विटाच कच्च्या होत्या’ असा निवाडा होतो!

व्हेनिसच्या जुन्या गवंड्यांनी पाण्याच्या पातळीला जवळच्या इस्त्रिया द्वीपकल्पातल्या घट्ट चुनखडीचे थर घातले आणि विटा त्यांच्या वर रचल्या. त्या दगडात पाणी फारसे शिरत नाही. आता समुद्र चढला आहे, जमीनही खचली आहे, आणि भरती दगड ओलांडून विटांना लागते. २०२० पासून तिथे वापरात आलेले मोझे या भरती अडवणाऱ्या प्रकल्पाचे दरवाजे फक्त मोठ्या भरतीला उभे केले जातात; विटांतली रोजची ओल त्यांनी थांबत नाही. म्हणजे अडसर कितीही मोठा बांधला, तरी भिंतीची देखभाल सुटत नाही.

ओल मोजायला येणाऱ्यांपासूनही सावध राहावे. दोन सुयांचे विजेवरचे मीटर खरे तर वीजवहन मोजते. मिठाने भरलेली भिंत जवळपास कोरडी असली तरी ते चढा आकडा दाखवते, आणि त्या आकड्यावर ओल अडवण्यासाठी भिंतीत रसायन टोचण्याचे काम विकले जाते. खात्री हवी असेल तर भिंतीत आतपर्यंत सावकाश छिद्र पाडून भुकटी घ्यावी, तिचे वजन करावे, भट्टीत वाळवून पुन्हा वजन करावे. तीच भुकटी मिठासाठीही तपासून घेता येते.

दरजा भरण्याचे काम साधे आहे, पण घाई सोसत नाही. जुना माल छिन्नीने काढावा. ग्राइंडर चालवला तर विटेची कड जाते आणि दरज कायमची रुंदावते. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, निदान २० मिमी. धूळ झाडावी, दरज ओली करावी, पण पाणी साचू देऊ नये. मापाने १ भाग चुन्याला अडीच ते तीन भाग कोनदार, धुतलेली वाळू. समुद्राची वाळू घेतली तर मीठ आपणच भिंतीत भरतो. पाण्यालगतच्या पट्ट्यात साधा चुना आवळत नाही, म्हणजे घट्ट होत नाही. तिथे ओलाव्यातही आवळणारा नैसर्गिक हायड्रॉलिक चुना, सहसा ३.५ श्रेणीचा, वापरावा किंवा चुन्यात सुरखी (भाजलेल्या विटेची भुकटी) घालावी. ‘मजबुतीसाठी’ मूठभर सिमेंट टाकण्याची खोड मोडायला हवी. तेवढ्याने चुना धड आवळत नाही आणि मिठापुढे लवकर हरतो. भरलेल्या दरजांवर निदान आठवडाभर ओले गोणपाट ठेवावे. ऊन-वाऱ्याने चुना झटकन वाळला तर त्याची भुकटी होते, आणि दोष चुन्याच्या माथी येतो.

पूर येतो तेव्हा दाराला फळ्या लावून पाणी अडवण्याची धडपड सगळीकडे होते. साधारण ६० सेंमीपर्यंत ते ठीक. पाण्याची उंची दुप्पट झाली की भिंतीवरचा एकूण रेटा चौपट होतो, आणि जुनी भिंत बाजूच्या रेट्यासाठी बांधलेली नसते. त्यापुढे पाणी आत येऊ द्यावे. तळघर उपसताना बाहेरची जमीन भिजलेलीच असते, आणि आतले पाणी एकदम काढले तर तिचा रेटा भिंतीवर येतो. एका दिवशी ३० सेंमीभर उतरवावे, खूण करून रात्रभर थांबावे, पाणी पुन्हा चढले तर आणखी थांबावे. खारे पाणी ओसरताच, भिंत वाळण्याआधी, गोड्या पाण्याने धुवावे. हीटर लावू नयेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. जाड भिंत वाळायला महिन्याला साधारण २५ मिमी हा ठोकताळा धरला तर घाईने केलेला रंग का टिकत नाही ते कळते.

लाकडी खांबांच्या पायावर उभ्या घरांचे दुखणे उलटे असते. आम्सटरडॅमचा राजवाडा १७व्या शतकापासून १३,६५९ खांबांवर उभा आहे. लाकूड पाण्याखाली असेतोवर बुरशीला प्राणवायू मिळत नाही. शेजारच्या नव्या बांधकामाने पंप लावून भूजल उतरवले की खांबांची डोकी उघडी पडून कुजू लागतात. म्हणून उपसा करणाऱ्या प्रत्येक परवान्यात, शेजारच्या जुन्या पायाजवळ भूजल मोजण्याची नळी बसवून नोंद ठेवण्याची अट असावी.

परवाने देणाऱ्यांकडे आणखी दोन मागण्या आहेत. दुरुस्तीच्या अर्जात रंगाच्या नमुन्याबरोबर चुन्याचा प्रकार, वाळू आणि प्रमाण लिहून घ्यावे, आणि भिंतीत जाणाऱ्या लोखंडाऐवजी ३१६ श्रेणीचे स्टेनलेस स्टील सक्तीचे करावे. गंजून फुगलेले लोखंड दगड फोडते. दुसरी मागणी रस्त्याची. जुना थर न खरवडता त्यावर नवे डांबर ओतत गेल्याने रस्ता दर खेपेला काही सेंटिमीटर वर येतो. जोते बुडते, तळाच्या हवेच्या जाळ्या बंद होतात आणि पावसाचे पाणी उंबऱ्याकडे वळते. नवा थर देण्याआधी तेवढ्याच जाडीचा जुना थर काढावा, आणि काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक जुन्या घराच्या जोत्याची पातळी मोजून कंत्राटाच्या कागदांत जोडावी.

आपले,
जुन्या इमारतींच्या डागडुजीत काम करणारे काही वाचक