यंदा चवथीला मी घरी नसेन

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी हेच सांगायला डिचोलीला आले होते. पण बाबा गणपतीवर फळं-पानं टांगायच्या माटोळीची चौकट खाली काढून पुसत बसले होते, आणि आई, नेवऱ्यांना खोबरं किती लागेल याचा हिशेब तू मलाच विचारत होतीस. शब्द फुटेना. म्हणून पणजीला परतून लिहिते आहे. ६ ते २१ सप्टेंबर मी सायकल घेऊन हिमाचलात स्पितीला जाते आहे. तिकिटं काढली, रजाही मंजूर झाली.

चवथ १४ तारखेला आहे हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण जुलै-ऑगस्टमध्ये किन्नौरच्या रस्त्यावर दरडी कोसळतात आणि ऑक्टोबर लागला की कुंझुम खिंडीत बर्फ कधी पडेल याचा नेम नसतो. मधले हेच काय ते भरवशाचे दिवस. सहा जणांच्या रजा जुळल्या त्याही तेव्हाच. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत चार वर्षं गेली. दादाच्या वेळचं मी विसरलेले नाही. म्हणून तर सगळं सांगून जाते आहे.

मनालीहून एकदम वर चढणार नाही, सिमल्याहून जाणार. वाट लांबची, पण अंगाला विरळ हवेची सवय होते. ताबो ३,२८० मीटर, काझा ३,६५०, लोसर चार हजारांच्या थोडं वर, मग कुंझुम ४,५५१. तीन हजारांच्या पुढे रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंच घ्यायचा नाही, हे ठरलेलं आहे. डोकं दुखलं, उलटी झाली तर पुढे जायचं नाही, आणि त्रास वाढला तर गाडीत बसून खाली. गाडी आणि ऑक्सिजन मागोमाग असणार. डॉक्टरांनाही दाखवून आले. आणि आई, तिथे गरम डाळ-भात मिळतो, रात्री जाड रजई देतात. तू विणलेला तपकिरी स्वेटर बॅगेत सगळ्यात वर ठेवलाय.

दर रविवारी पहाटे साखळी, केरी करत चोर्ला घाट चढते आहे. परवा धुक्यातून भिजत उतरले आणि घरी येऊन ब्रेकचे पॅड काढून बघितले, तर कागदाएवढा थर उरला होता. नवे बसवले, वर दोन जोड्या जवळ घेतल्या. बाबा, आठवतं? नार्व्याची फेरीबोट पकडायला आपण उतारावरून जायचो. मी पुढे दांड्यावर, आणि तुम्ही माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवायचात. अजून उतार लागला की त्या जागी ऊब जाणवते.

आता ऐका. बाबा, शिडीवर चढायचं नाही. गुडघ्याचं तुम्ही कबूल करत नाही, पण मी बघते. माटोळी नितीन बांधेल, त्याला सांगून झालंय. बाजारातही त्यालाच न्या. कवंडळं, आंबाडे, सुपारीचा घड तुम्ही निवडा, पिशव्या त्याला उचलू द्या. बीपीची गोळी सकाळीच घ्यायची, पूजा आटपेपर्यंत थांबायचं नाही. आई, नेवरी एकच खा, आणि उपवास धरू नकोस, गेल्या वर्षीची चक्कर मला पुरे झाली. १४ ला मी काझ्याला असेन, तिथे मोबाईल लागतो. आरतीला व्हिडिओ कॉल करीन, मी दिसेपर्यंत आरती सुरू करू नका. लोसरच्या पुढे दोन-तीन दिवस फोन लागणार नाही. तेव्हा बाबांनी व्हरांड्यात जागत बसू नये.

काझ्याच्या वर हिक्कीमला, ४,४०० मीटरच्या आसपास, पोस्ट ऑफिस आहे. तिथून तुम्हाला कार्ड टाकीन. बहुतेक मीच आधी घरी पोचेन, पण ते जपून ठेवा.

शनिवारी येते. राग आला असेल तर तेव्हा समोर बसवून रागवा. आई, जमलं तर खतखतं कर, चवथीचं म्हणून तेव्हाच जेवून जाईन.

तुमची,
चिमू