त्या दोघी आपल्याकडे बघत नाहीत

पुणे, रविवार

प्रिय मेघना,

परवा फोनवर माझ्या जपानी चित्रसंग्रहांवरून तू विचारलंस, "गोष्ट नाही, संवाद नाहीत, नुसती चित्रं. त्याला एवढे पैसे? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" तेव्हा मशीनवाला प्रूफ घेऊन डोक्यावर उभा होता, म्हणून हसून वेळ मारून नेली. आज प्रेस बंद आहे, तेव्हा सविस्तर लिहिते. पत्र लांबणार आहे, कुरकुर करू नकोस.

युरी मांगा, म्हणजे युरी प्रकारच्या जपानी चित्रकथा, तू वाचत नसलीस तरी तिचा बाज तुला ठाऊक आहे. दोन मुलींमधलं, दोन बायकांमधलं प्रेम. कधी शाळेतली नुसती ओढ, कधी नोकरी करणाऱ्या दोघींचा भाड्याच्या घरातला संसार. मालिका गाजली की तिची मुखपृष्ठं, मासिकातली रंगीत पानं, जाहिरातींसाठी काढलेली चित्रं गोळा करून आर्टबुक काढतात. एरवी मांगा काळीपांढरी असते आणि चित्रकाराच्या मानगुटीवर अंकाची तारीख बसलेली असते. रंगीत पानावर मात्र त्याला जरा रेंगाळता येतं. आणि तो कुठे रेंगाळलाय हे बघण्यातच सगळी मजा आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की चांगल्या युरी चित्रात आपण आगंतुक असतो. आपल्याकडे दलालांनी, मुळगावकरांनी दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर किती देखण्या बायका रंगवल्या! मला त्या आवडतातच, माहेरच्या माळ्यावरचे अंक मी रद्दीत जाऊ दिले नाहीत ते त्यांच्यासाठीच. पण बहुतेकदा ती एकटी असते आणि तिचा सगळा नखरा बघणाऱ्यासाठी असतो. इथे दोघी असतात. एक दुसरीकडे बघते, दुसरी पुस्तकात डोकं घालून बसलेली, किंवा बघून न बघितल्यासारखं करणारी. चित्राचा सगळा ताण त्या मधल्या वीतभर जागेत असतो आणि आपल्याला कोणी बसायलाही सांगत नाही.

नाकातानी निओ ही चित्रकार घे. तिची 'यागाते किमी नि नारू' ही मालिका 2015 ते 2019 चालली. इंग्रजीत 'ब्लूम इंटू यू' नावाने मिळते ती. तिच्या चित्रांच्या आर्टबुकचं नाव 'अॅस्ट्रोलेब'. मालिकेत एक प्रसंग आहे: नदी ओलांडायला पात्रात दगड टाकलेत आणि दोघी त्या दगडांवर उभ्या. एकीला वाटतं पुढे जावं, दुसरीला वाटतं हिने आहे तिथेच थांबावं. मधलं अंतर एका उडीचं. तिथे संवाद झाकून फक्त चित्रं बघितली तरी कोण अडकलंय ते कळतं. तिच्या रंगीत चित्रांतही हीच शिस्त आहे. मी आधी चेहरे बघत नाही, पावलं कुठल्या दिशेला वळलीत ते बघते. बघ, चेहरा खोटं बोलतो, पावलांना ते जमत नाही.

आणि हात! 1998 पासून निघालेल्या 'मारिया-सामा गा मितेरु' या कादंबरीमालेची चित्रं हिबिकी रेइनेची. त्या गोष्टीची सुरुवातच अशी की शाळेच्या आवारात मेरीच्या पुतळ्यासमोर वरच्या वर्गातली मुलगी धाकटीला थांबवते आणि तिच्या गणवेशाचा वाकडा झालेला टाय सरळ करते. बस, एवढंच. कॉलरशी दोन हात. पुढे कितीजणांनी ही पोझ उचलली ते विचारू नकोस. ज्यांना हात काढता येत नाहीत त्यांनीही उचलली, हे दुर्दैव.

हे सगळं मांगाच्याही आधीपासूनचं आहे. नोबुको योशिया या लेखिकेने 1916 मध्ये मुलींच्या मासिकात 'हाना मोनोगातारी' लिहायला घेतलं. प्रत्येक कथेला एका फुलाचं नाव, आणि बहुतेक कथांत ताटातूट. 1930 च्या दशकाच्या शेवटी त्या कथांना चित्रं मिळाली जुनिची नाकाहाराची. हा मूळचा बाहुल्या करणारा माणूस, आणि ते चित्रांत दिसतं: मोठाले डोळे, लांब पापण्या, काडीसारखे हातपाय, आणि चेहऱ्यावर असं काही की आत्ताच कोणीतरी स्टेशनवरून निघून गेलंय. 1940 मध्ये लष्करी दडपणामुळे त्याची चित्रं 'शोजो नो तोमो' मासिकातून बंद झाली. युद्धाच्या धामधुमीत सरकारला या मुलींच्या पापण्यांची भीती वाटावी, याहून मोठी पावती कोणत्या चित्रकाराला मिळणार?

योशिया स्वतः चियो मोनमासोबत सुमारे पन्नास वर्षं राहिली. लग्नाची सोय कायद्यात नव्हती, म्हणून 1957 मध्ये तिने चियोला रीतसर दत्तक घेतलं. शेवटची वर्षं दोघी टोकियोजवळच्या कामाकुराला होत्या. आणि शिमुरा ताकाकोची 'आओई हाना' ही युरी मांगा घडते तीही कामाकुरातच. योगायोग असेल, पण मला तो भारी आवडतो. शिमुराचे रंग पातळ, पाणीदार. कितीतरी कागद ती कोराच सोडते. आमच्याकडच्या गिऱ्हाइकाने असं चित्र बघितलं तर "मॅडम, ही जागा रिकामी राहिलीय, तिथे लोगो टाका" म्हणेल.

आता माझ्या धंद्यातलं. स्क्रीनवर जो झगझगीत गुलाबी दिसतो तो चार रंगांच्या छपाईत येत नाही, मळतो. तुलाही हे माहीत आहे. जपानी छापखाने अशा कामात मॅजेंटाच्या, म्हणजे नेहमीच्या गुलाबी-लाल शाईच्या, जागी किंवा जोडीला फ्लुरोसंट गुलाबी शाई वापरतात. माझ्याकडच्या एका पुस्तकात एका मुलीच्या कानाच्या पाळीवर मी भिंग ठेवलं. पिवळ्याचे विरळ ठिपके, त्यात हा पेटलेला गुलाबी, आणि सायन, म्हणजे निळी शाई, जवळपास नाहीच. कानामागे केस सुरू होतात तिथे सायन हळूच शिरतो. भिंग बाजूला केलं की दिसतं एवढंच: तिला आत्ताच कोणीतरी काहीतरी सांगितलंय. आमच्या मशीनवाल्याला दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ह्यांना पाचवा रंग परवडतो, मॅडम."

सगळंच असं नसतं हं. एका प्रकाशकाने दोन पानांवर पसरलेलं चित्र छापलंय. दोघी दोन पानांवर, हात मधोमध गुंफलेले, आणि बाइंडिंग इतकं घट्ट की बोटं सगळी शिवणीत गडप! अख्खं चित्र ज्या बोटांसाठी काढलं तीच गायब. नुसता राग आला. शिवाय पुष्कळ संग्रहांत एकाच चेहऱ्याला वेगवेगळ्या रंगांचे केस लावलेले असतात, गालांवर तोच ठरावीक गुलाबी, आणि जागा उरली की लिलीची फुलं ओतलेली. दोघी एकमेकींना बिलगलेल्या, पण डोळे मात्र गिऱ्हाइकाकडे. तसलं मी चाळून परत ठेवते.

उलट हौशी मंडळींच्या वह्यांत कधी कधी रत्नं सापडतात. टोकियोत अशा मंडळींचे बाजार भरतात: 1975 पासून कोमिकेट, 1984 पासून कोमितिया. तिथे चित्रकार स्वतःच्या खर्चाने छापलेली बी-5 आकाराची पातळ रंगीत पुस्तकं टेबलावर मांडून बसतात. त्यांना मालिकेचं ओझं नसतं. दोघी कपडे वाळत घालतायत, एक चिमटा दातात धरून. नुसत्या एवढ्यावर अख्खं पान. कागद मात्र असा निवडलेला की मी हेव्याने नुसतं बोट फिरवत बसते.

माझी वहिनी पुढच्या आठवड्यात नाशिकला येतेय, तिच्याबरोबर दोन पुस्तकं पाठवते. उजवीकडून उघडायची, विसरू नकोस. खिडकीपाशी ठेवू नकोस, फ्लुरोसंट शाई उन्हात पार उडते. आणि मुखपृष्ठावरचा कागदी पट्टा म्हणजे वेष्टन समजून फेकशील, तो पुस्तकाचाच भाग आहे. चिनूला शाळेच्या प्रोजेक्टसाठी कापायला दिलंस तर याद राख.

बघून झालं की तुझं मत लिही, फोनवर नको. फोनवर तू फक्त किंमत विचारतेस. काकूंना नमस्कार.

तुझी,
शर्वरी