पुस्तकं वर गेली, वाचक खालीच राहिले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या भागातल्या लायब्ररीत मराठी पुस्तकांची दोन कपाटं पूर्वी पेपरच्या टेबलाला लागूनच होती, त्यामुळे माझ्या सासूबाई सकाळी पेपर वाचून उठल्या की हात आपोआप तिकडे जायचा आणि एखादी कादंबरी पिशवीत टाकूनच त्या घरी यायच्या. मागच्या वर्षी ती कपाटं वरच्या मजल्यावर नेली. २२ पायऱ्या, वर कपाटाला कुलूप, आणि चावी खाली काउंटरवर! सासूबाई एकदाच धापा टाकत वर गेल्या, चावीसाठी परत खाली यावं लागलं, तेव्हापासून बंदच. आता काउंटरवरचे भाई म्हणतात, बेन, मराठी पुस्तकं कोणी इश्यूच करत नाही. अहो, करणार कशी?

खाली आता स्पर्धा परीक्षेची मुलं बसतात, त्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही, घरी जागा नसते बिचाऱ्यांना. पण भिंतीला एक रॅक लावल्यानं त्यांची एक खुर्चीही कमी होणार नाही.

बडोद्यात हे व्हावं याचं जास्त वाईट वाटतं. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डनसाहेब या ग्रंथपालांना बोलावून इथली लायब्ररी उभी केली ती वाचकानं स्वतः रॅकपाशी जाऊन पुस्तक हाताळावं अशीच. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत लोखंडी रॅक आहेत आणि मधल्या मजल्यांची जमीन काचेची, का तर वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत पोचावा. इतका बारीक विचार आपल्याच गावात झालाय हो.

आणि एक. काउंटरवर परत आलेल्या पुस्तकांचा ढीग असतो ना, तिथे जरा वेळ उभं राहून बघा, येणारा जाणारा प्रत्येकजण तो चाळतो. मीही गेल्या महिन्यात दोन पुस्तकं तिथूनच उचलली, समोर दिसली म्हणून, शोधायला काही गेले नव्हते.

तेव्हा विनंती एवढीच की एक उघडा रॅक पुन्हा पेपरच्या टेबलाजवळ ठेवा, पुस्तकं कमरेच्या वरच्या खणात लावा कारण वाकून खालचा खण बघणं म्हाताऱ्या माणसांना जमत नाही, आणि महिन्यातून एकदा वरची पुस्तकं खाली आणून बदला. आणायला मी आणि माझ्या दोन मैत्रिणी येऊ, गुडघे अजून शाबूत आहेत आमचे.

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा