आवाहन : आपली चिमणी गेली, उरलेला ठेवा राखायला हातभार लावा

सर्व गिरणगावकर बंधू-भगिनींना आणि इथून विरार, बदलापूर, दिव्याला राहायला गेलेल्या आपल्या माणसांना सप्रेम नमस्कार.

आपल्या गिरणीची चिमणी आता उरली नाही, हे सर्वांना ठाऊक आहेच. परांची बांधून, वरून एकेक थर उतरवत तिला खाली आणले. डिलाईल रोडवरून जाणाऱ्या परक्या माणसाला एक जुने धुराडे पाडताना दिसले असेल. आपल्या चाळीतली म्हातारी माणसे मात्र ते काम संपेपर्यंत गॅलरीत खुर्च्या टाकून बसून होती, जेवायलासुद्धा आत येत नव्हती. त्यानंतरच्या रविवारी मंडळाने शोकसभा घेतली. फोटोला हार घालून, घरचे माणूस गेल्यावर घेतात तशीच.

नव्या पिढीतले सभासद विचारतात, एका चिमणीचे एवढे काय? त्यांच्यासाठी थोडे लिहितो. बॉयलरच्या भट्टीला ओढ लागावी, कोळसा नीट पेटावा म्हणून चिमणी एवढी उंच बांधत. 1915 पासून खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली, तरी सुताला कांजी चढवायला, ते सुकवायला आणि रंगखात्याला वाफ लागायचीच. त्यामुळे बॉयलर पेटता राहिला आणि चिमणीतून धूर निघत राहिला. धूर दिसला की तीन पाळ्या चालू आहेत, खानावळीचे पैसे चुकते होतील आणि गावाला मनीऑर्डर जाईल, हे समजायचे. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप मागे घेतल्याचे आजतागायत कोणी जाहीर केलेले नाही. पुढे 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले : पालिका, घरांसाठी म्हाडा आणि मालक. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि कामगारांच्या घरांचा वाटा आक्रसला. दीड लाखांहून अधिक लोकांनी घरासाठी अर्ज केले, त्यांतले बहुतेक अजून वाट पाहत आहेत. एवढे सगळे होत असताना चिमणी तेवढी जागच्या जागी उभी होती, म्हणून ती आपली होती.

आपले मंडळ मोठ्या देणग्यांवर कधीच चालले नाही, हे इथे अभिमानाने नमूद करावेसे वाटते. संपाच्या काळात कोकणातल्या गावांहून तांदूळ-नाचणी आणि साताऱ्याकडून ज्वारी आली, ती मंडळाच्या याच खोलीत तराजू लावून वाटली गेली. तळमजल्यावरच्या खानावळवाल्या मावशींचे तर किती उपकार मानावेत! दोन वेळचे डबे त्यांनी महिनोन्महिने उधारीवर दिले आणि शेवटी बाकीची वहीच बंबात टाकली. साचेखात्यातले (मागांवरचे) आपले जॉबर, म्हणजे मुकादम, आबा दर बोनसला न विसरता पाकीट आणून द्यायचे. भजनाची पेटी, व्यायामशाळेचा मल्लखांब आणि गणपतीची पहिली पितळी समई ही त्यांचीच देणगी. गिरणी बंद झाल्यावर मिळालेल्या हिशेबाच्या रकमेतून वाइंडिंगच्या काकूंनी अभ्यासिकेला टेबले घेऊन दिली. स्वतःच्या खोलीत धड पंखा नव्हता, तरी त्यांनी पावतीवर नाव घालू दिले नाही. त्या टेबलांवर अभ्यास करून आपली मुले बँकेत, केईएममध्ये, मंत्रालयात लागली. 26 जुलै 2005 च्या पुरात स्टेशनात अडकलेल्यांना पिठलं-भात याच चाळीतून गेला. 2020 च्या टाळेबंदीत एकही बिऱ्हाड उपाशी राहिले नाही, कारण बदली कामगारांच्या नातवंडांनी जिने चढून-उतरून किराणा पोहोचवला. या सर्वांचे ऋण मंडळ विसरणार नाही.

म्हणूनच एक गोष्ट मनाला लागली आहे, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. चिमणी वाचवावी यासाठी आम्ही सह्या गोळा करत दारोदार फिरलो, तेव्हा पुष्कळ दारांवर "नंतर या" असे ऐकले. सभेला सतरंजी अर्धी रिकामी राहिली. आणि पाडापाडी सुरू झाली तेव्हा त्याच घरांतून मोबाईल बाहेर आले, चित्रफिती सगळीकडे फिरल्या, खाली हळहळीचे शेकडो निरोप आले. त्यातली निम्मी माणसे वेळेवर आली असती तर निदान बुंधा तरी राखता आला असता, असे आम्हाला आजही वाटते. असो. राग धरलेला नाही. पण या वेळी तसे होऊ नये, ही कळकळीची विनंती आहे.

कारण सगळे गेलेले नाही. गिरणीचा भोंगा मंडळाने मिनतवारीने भंगारात जाण्यापासून सोडवून आणला आहे. चिमणीच्या काही विटा, बॉयलरखात्यातले नट आवळायचे दोन पाने, हजेरीचे पितळी बिल्ले, मागाचे लाकडी धोटे, सुताच्या कांड्या, पगाराची पाकिटे आणि संपातली हस्तपत्रके जमली आहेत. हे सारे सध्या व्यायामशाळेच्या बोळात ताडपत्रीखाली आहे. मागच्या पावसात हस्तपत्रकांचा एक गठ्ठा भिजून गेला. आता चाळ पुनर्विकासाला जाते आहे आणि व्यायामशाळा दिवाळीनंतर रिकामी करून द्यायची आहे. नव्या इमारतीत मंडळाला खोली मिळणार, पण तोवर हे सामान ठेवायचे कुठे? काळाचौकीला पालिकेचे वस्त्रोद्योग संग्रहालय होत आहे, याचा आनंदच आहे. मात्र आपल्या रातपाळीत कोण होते, कोणत्या खात्यात कोणाचा हात मशीनमध्ये गेला, कोणाच्या खोलीत वीस-वीस गाववाले पाळीपाळीने झोपत, हे आपणच सांगायला हवे. संपात पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीला टेकला आहे. त्याआधीचे तर एकेक करून चालले आहेत. त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे काम आता लांबवता येणार नाही.

यासाठी एका गाळ्याची अनामत व वर्षभराचे भाडे, काचेची चार कपाटे, कागदपत्रांच्या प्रती आणि ध्वनिमुद्रण मिळून 4 लाख रुपये लागतील. देणगी कितीही चालेल, 100 रुपयांचीही पावती मिळेल. धनादेश मंडळाच्या नावाने, क्यूआर कोड कार्यालयाबाहेरील फलकावर, रोख फक्त खजिनदारांकडे (पावतीशिवाय कोणालाही देऊ नये). कार्यालय रोज सायं. 7 ते 9, रविवारी सकाळीही. बिल्ला, पासबुक, फोटो, गेटपास, काहीही असल्यास आणावे, कायमचे द्यायचे नसल्यास प्रत काढून परत देऊ, पोच मिळेल. ज्यांना येववत नाही त्यांच्या घरी कार्यकर्ते येतील, खालच्या वाण्याकडे नाव-खोली सांगून ठेवावी. सामान हलवायला तरुण मुले हवी आहेत. दसऱ्यापर्यंत रक्कम जमली तरच गाळ्याचा करार होईल.

आपला,
सरचिटणीस
(कार्यकारिणीच्या वतीने)

ता. क. : चिमणीची वीट आठवण म्हणून घरी मिळावी, अशी मागणी अनेकांनी केली आहे. भावना समजते, पण विटा मोजक्याच आहेत आणि त्या सर्वांच्या आहेत, त्यामुळे कोणालाही देता येणार नाहीत. गाळा मिळाला की येऊन पाहाव्यात, हात लावावा, नातवंडांनाही आणावे.